कडुलिंबाखालचे दगड

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बिघडलं की चिखलीचे मिस्त्री यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. इंजिन सुरू झालं की त्यावर तळहात ठेवून ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “हाव, आता बोलून राह्यलं.” आभाळात विमानाचा आवाज आला की हातातला पाना खाली ठेवून, तो आवाज पार विरेपर्यंत उभे राहायचे. ती सवय मला लागली, ती अजून आहे.

दुसऱ्या महायुद्धात ते बंगालकडे चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांची इंजिनं दुरुस्त करणारे फिटर होते. एक विमान परत आलं नाही. त्याच आठवड्यात तळावर बॉम्ब पडून त्यांचे तीन सोबती फिटर गेले. या सगळ्यांसाठी मिस्त्रींनी चिखलीतल्या आपल्या दुकानामागच्या कडुलिंबाखाली दगड मांडले होते. विमानातल्यांचे मोठे, फिटरांचे तीन लहान.

गल्लीतल्या बायांना ते दगड देव वाटले. एका सकाळी मी दुकानात असताना एक म्हातारी मोठ्या दगडांना शेंदूर लावत होती. मला वाटलं, मिस्त्री आता भडकणार. ते तिच्याशेजारी उकिडवे बसले.

“माय, या तिघायले काऊन सोडलं?”

“लहाने हायेत न बाबा. मले वाटलं, असेच ठेवले असतीन.”

मिस्त्रींनी तिच्या वाटीत बोट बुडवलं आणि तिन्ही दगडांना स्वतः शेंदूर लावला.

“यायच्या हातावर भरवसा ठेवूनच ते वर जात होते, माय.”