हातभर बांध

तणनाशकाचा उग्र वास आला की मला पुणतांब्याजवळचा एक बांध आठवतो. फाल्गुनातल्या त्या सकाळी कंबरमोडीच्या पिवळ्या फुलावर नखाएवढं निळं फुलपाखरू बसलं होतं आणि मी पालथा पडून त्याचा फोटो काढत होतो. तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप घेतलेले एक म्हातारे शेतकरी शेजारी येऊन थांबले. "काय घावलं?" मी कॅमेऱ्यात फुलपाखरू मोठं करून दाखवलं. ते बघतच राहिले. "दरसाल तण जाळतो आमी, पन ह्याला कधी बघितलंच न्हाई." मग त्यांनी सगळा बांध फवारला, त्या फुलाभोवतीची हातभर जागा तेवढी सोडली. "उद्या बी येईल ते. तुमी बी या." फोटोचं पुढे कौतुक झालं, आजही तो माझ्या भिंतीवर आहे, त्या बांधावर मात्र मी परत गेलो नाही.