काकांच्या झोपेचं साउंड कार्ड

लातूरच्या माझ्या काकांना दुपारची झोप चोरून घ्यावी लागते. पुढं आडत दुकान, मागं घर आणि मधल्या दारापाशी काकूंचे कान. दिवसाढवळ्या गादीवर आडवं पडलं की गिऱ्हाईक वापस जातं, हे काकूंचं ठाम मत. काकांचं हार्टचं ऑपरेशन झालं तरी काकूंचा हेका सुटला नाही. मला तर काकूंचा रागच यायचा.

काकांनी त्यावर तोड काढली होती. दुकानातल्या जुनाट कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा खेळ होता. त्यात मशीनलाच दोन्हीकडून खेळायला लावता येई आणि दर चालीला खट्ट असा आवाज होई. तो ऐकून आत काकूंना वाटायचं मालक जागे आहेत, आणि मालक लोडाला टेकून गाढ. मग तो कॉम्प्युटर मेला. "पोरी, झोप न्हाई, डोळे जळून राहिलेत," काका फोनवर कुजबुजले. मी नांदेडला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. सुट्टी मिळताच बस धरली.

तो जुना खेळ काकांच्या नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून लॅपटॉपच्या पोटात मी एक लटका जुना कॉम्प्युटर उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खेळ सुरू झाला, पण मुका. मशीनला आपोआप आजकालचं साउंड कार्ड मिळालं होतं आणि जुन्या खेळाला त्याची ओळखच नव्हती. मी सेटिंगमध्ये जाऊन खेळाच्या जमान्यातलं सोळा बिटचं कार्ड निवडलं.

काकांनी लॅपटॉप तिरपा करून खालून बघितला. "पर ते कार्ड हाय कुठं?"

"न्हाईच. आपण हाय म्हणायचं, खेळानं मानायचं."

हा व्यवहार काकांना भलताच आवडला.

तरी आवाज येईना. कार्डाचा पत्ता २२० होता आणि खेळ त्याला २४० वर शोधत बसला होता. मी वैतागले, काका गालात हसले. "आगं, रुमालाखाली एकानं दोन बोटं दाबली अन् दुसऱ्यानं चार समजली, तर सौदा व्हतो का?" बाजारात पूर्वी भाव तसाच ठरायचा. मी खेळात २२० भरलं आणि खट्ट.

चाली सुरू झाल्या तसे काकांनी डोळे मिटले.

मी आत गेले. काकू शेंगा फोडत होत्या. थोड्या वेळानं आवाज थांबला, कारण लॅपटॉपच झोपी गेला होता. काकू ताडकन उठल्या. आता काकांचं काही खरं नाही, म्हणून मी मागोमाग धावले. तर काकू गादीपाशी वाकून त्यांच्या छातीकडं टक लावून बघत होत्या. ती वरखाली होताना दिसली तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. खट्ट, खट्ट.

"काकू, तुमाला ठाव हाय?"

"पैल्यापासून. डाक्टरनं दुपारी झोपा म्हणून सांगितलंय. पर मी झोपा म्हणलं की ह्ये मुद्दाम जागे ऱ्हातेत. नको म्हणलं तरच डोळा लागतो. इतके दिवस झोपले न्हाईत, माझा जीव टांगणीला लागला व्हता. ह्ये मधीच बंद पडू नये आसं काई तरी कर."

मला हसू आलं. लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग मी करून दिली. काकू मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि काका मुळीच जागे होणार नाहीत इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुकानात झोपायचं न्हाई, सांगून ठेवते."