दाणा राहू दे

फोटो स्टुडिओत किस्से कसे साठतात सांगू? लोक हौसेनं फोटो काढतात आणि न्यायलाच विसरतात. आमच्या आदिलाबादकडच्या इचोड्याच्या दुकानात अशा न नेलेल्या फोटोंचे तीन डबे भरले होते. एकेका फोटोमागं एकेक किस्सा. फोटोही आमच्याच गळ्यात आणि किस्सेही!

कॅमेरा आमच्या ह्यांचा, ब्रश माझा. माझं माहेर निर्मलचं, चित्रं रंगवणाऱ्यांच्या गल्लीतलं. दोन केसांचा ब्रश धरायला तिथंच शिकले. फोटोतले पांढरे ठिपके रंगानं भरायचे, काळे ठिपके ब्लेडनं हळूच खरवडायचे, चेहरा साफ करून द्यायचा, हे माझं काम. हात चांगला होता हो माझा. वाईट असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

*

लग्नाच्या मांडवात उजेड कमी असला की हे जलद रोल वापरत. त्या रोलचा दाणा जाड. फोटो लहान असला तर कळत नाही, पण मोठा केला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो.

गुडीहत्नूरकडचा एक कापूसवाला बायकोचा मोठा केलेला फोटो न्यायला आला. बघितला आणि ओरडलाच.

“काऊन हो फोटोवाले, माह्या बायकोले गोवर काऊन झाला?”

ह्यांनी समजावलं, “गोवर नाही दादा, रोलचा दाणा हाये तो. पीठ जाडं दळलं की भाकर खरबरीत होते ना, तसं.”

“मंग बारीक दळून द्या ना!”

त्यानं फोटो माझ्याकडं सरकवला. मी दोन दिवस बसून सगळा दाणा भरून काढला. बायको अशी गुळगुळीत झाली, की त्यानं पुढच्या बाजाराला गाडीभर पाहुणे आणले. आमच्या दुकानाचं नाव झालं आणि मला चढलं!

*

इचोडा म्हणजे नागपूर-हैदराबाद रस्ता. ट्रकवाले ढाब्यावर जेवायचे आणि तोंड धुऊन आमच्याकडं फोटोला यायचे. एक जण म्हणाला, “भाभी, शादी की बात चल रही है. ज़रा अच्छा बना देना.”

बनवला! डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, कपाळाच्या आठ्या गेल्या, वीस वर्षांची रस्त्याची धूळ गेली. महिन्याभरानं एक म्हातारे गृहस्थ तो फोटो घेऊन दुकानात हजर. मुलीचे वडील होते ते.

“बहनजी, इसका पता दीजिए. जो आया था, वो तो इसका बड़ा भाई था.”

मी पदरात तोंड लपवून हसले. ह्यांना नाही हसू आलं. त्या ड्रायव्हरचं लग्न मोडलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

तेलुगू शाळेचे एक हेडमास्तर रिटायर झाले. मोठा फोटो पाहिजे होता, भिंतीवर लावायला. मी सुरकुत्या काढल्या, गळ्याची लोंबती कातडी काढली. सर खूश! बायकोला बोलावून म्हणाले, बघ.

बाई चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. मग नवऱ्याकडं वळून अगदी अदबीनं विचारलं, “एवरंडी ईयना?”

म्हणजे, हे गृहस्थ कोण?

सर पोट धरून हसले, फोटो घेऊन गेले. त्या बाई मात्र जाताना मला एवढंच म्हणाल्या, “मी चाळीस वर्षं ज्यांना जेवायला वाढलं, ते नाहीत हो ह्यात.” मला राग आला होता तेव्हा. म्हटलं, ह्या बाईंना कलेतलं काय कळतं!

*

आणि तीळवाला? तहसिलीतल्या नोकरीसाठी एकानं पासपोर्ट फोटो काढला. गालावर काळा ठिपका दिसला, मी ब्लेडनं उडवला. आठ दिवसांनी तो धापा टाकत परत आला.

“बाई, माहा तीळ द्या! साहेब म्हनते, ओळखीच्या खुणेत, शिनाख्त में, तिल है, तस्वीर में नहीं, असली आदमी को लाओ.”

“कोन्या गालावर होता?”

“उजव्या!”

मी फोटोच्या उजव्या बाजूला झकास तीळ बसवला. तो घेऊन गेला आणि तासाभरानं पुन्हा दारात! फोटोतल्या माणसाचा तो डावा गाल झाला होता ना. ह्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, “देवानं दिलेलं काढतेस, आन आपलं लावून देतेस. दाणा राहू दे म्हनतो तर ऐकत नाहीस. दाण्याच्या मधातच मानूस असते.”

मी फणकारले, “मंग तुमीच समजावा गिऱ्हाइकाले! मी नाही धरत ब्रश.”

पण धरला. माझी खोड जाईना.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

इचोड्याच्या बाजारात गंगाबाई वांगी-मिरच्या घेऊन बसायची. तिचा एकुलता एक मुलगा मारोती तापानं गेला. पंचवीसचा असेल. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. पण चुलतभावाच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते, त्यातल्या एकात तो सगळ्यांच्या मागं उभा होता. चेहरा मसुराच्या डाळीएवढा.

आमच्याकडं असं खूपदा व्हायचं. माणूस गेला की लोक लग्नातला घोळक्याचा फोटो आणायचे, बोट ठेवायचे आणि म्हणायचे, एवढा एक मोठा करून द्या.

ह्यांनी मोठा केला. अंधाऱ्या मांडवातला जलद रोल आणि मसुराएवढा चेहरा, मग काय विचारता! नुसता रवा. फोटोचा कागद आणायला हे आदिलाबादला गेले, आणि मी ब्रश घेऊन बसले. तीन दिवस मान वर केली नाही. भरून भरून, खरवडून खरवडून चेहरा असा लख्ख केला, की माझाच मला अभिमान वाटला. मारोतीला मी कधी पाहिलेलं नव्हतं. विचारायला काय झालं होतं मला? दहा पावलांवर तर बसायची ती!

गंगाबाईनं फोटो घेतला, कपाळाला लावला. म्हणाली, “सायबावानी दिसते, बाई.”

मी ते कौतुक समजले.

दोन वर्षांनी ती फ्रेम पदराखाली धरून आली. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फ्रेम टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाली, “बाई, रागावू नका. हा कोनाचा पोरगा हाये?”

“असं काऊन म्हनता? मारोती हाये ना तुमचा!”

“रोज हार घालते मी ह्याले. पन माहा मारोती असा नव्हता. त्याच्या तोंडावर देवीचे वन होते. लहानपनी देवी आल्या त्याले. एकवीस दिवस मांडीवर घेऊन बसली मी, लिंबाच्या पाल्यानं वारा घालत. ते वन कुठं गेले?”

दाण्यांबरोबर मी तेही भरले होते. दाणा कोणता आणि वण कोणता, मला कळलंच नव्हतं.

मी निगेटिव्हच्या डब्याकडं धावले. मधल्या पावसाळ्यात छत गळून आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून लगदा झाल्या होत्या, हे मलाही माहीत होतं, तरी धावले. लग्नघरच्या अल्बममधला चेहरा तर मसुराएवढाच. त्यात वण कुठले दिसणार!

हे आतून बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी काच काढून फोटो माझ्यासमोर ठेवला, ब्रश माझ्या हातात दिला आणि गंगाबाईला म्हणाले, “मावशी, तुमाले आठवते ना? तुमी सांगा, ही लावते.”

“आठवते म्हंजे? पाठ हायेत मले!”

ती माझ्यासमोर बसली. फोटोला बोट लावायला घाबरत होती, म्हणून तिनं ते माझ्या गालावर टेकवलं. मिरच्या निवडून निवडून खरखरीत झालेलं बोट. “इथं एक, मोठा. त्याच्या खाली दोन, जवळ जवळ. हा नाकापाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा.” ती माझ्या गालावर दाखवत गेली, मी फोटोवर लावत गेले. आता गाल चुकू नये म्हणून दर वेळी विचारत होते.

एक गाल पुरा झाला. ती बघतच राहिली. “हा,” म्हणाली, “हा माहा.”

मग बोट माझ्या दुसऱ्या गालाकडं आलं आणि तिथंच थांबलं. तिनं डोळे मिटले. उघडले. फोटोकडं पाहिलं, पुन्हा मिटले.

“सांगा ना मावशी,” मी म्हटलं. “सावकाश आठवा.”

“आठवून नाही राह्यले, बाई,” ती म्हणाली. “डोये मिटले की हा तुमचाच पोरगा समोर येते.”