रुकिनेमच्या ट्रेमधल्या उसन्या सिगरेटी

कुदुस शहरातल्या त्या सिगरेटींच्या कारखान्यात कातरणाऱ्या मुरवातीला सगळे वचकून असत. मुकादमीणसुद्धा. मुरवातीच्या हातात दिवसभर कात्री असे, पण धाक कात्रीचा नव्हता, जिभेचा होता.

लवंगी सिगरेटी तिथे अजून हातानं वळतात. लांबलचक दालनात बाकांच्या रांगा आणि प्रत्येक बाकावर बायकांची जोडी. एक वळते, दुसरी टोकं कातरते. मजुरी नगावर, आणि तीही जोडीची मिळून. वळणारीचा हात मंदावला की कातरणारी रिकामी बसते आणि दोघींचं नुकसान होतं. म्हणून लांबलेल्या आजारातून उठून आलेल्या बाईशेजारी बसायला कुणी राजी नसे. मुरवाती बसे.

त्याला कारण होतं. ती स्वतः क्षयातून उठून आली, तेव्हा रांगेतल्या बायकांनी तिला फुलासारखं जपलं होतं. तू बस गं. चहा घे गं. आण ती कात्री इकडे. महिनाभरात तिच्याकडे काही कामच उरलं नाही. मग कार्यालयानं तिला गोदामाच्या दाराशी खुर्ची दिली. मग घरचा रस्ता दाखवला. बाकावर परत यायला तिला वर्ष भांडावं लागलं.

“माझी कात्री इतक्या मायेनं काढून घेतली,” ती म्हणे, “की भांडायला समोर कुणी वैरीही उरला नाही.”

तेव्हापासून ती परतलेल्या बायकांना सांभाळत आली. खुबा मोडलेली एक. मूल गेल्यावर कित्येक महिने तोंडातून शब्द न काढलेली एक. मुरवाती कुणालाच काळजी घे म्हणाली नाही. “कागद उलटा धरलायस, बाई,” एवढंच म्हणाली. त्या रडल्या, चिडल्या आणि हळूहळू वळू लागल्या.

वळणारी रुकिनेम मुरवातीच्या बाकावर आली ती छातीच्या कर्करोगातून. औषधांनी गाठ गेली आणि बोटांच्या टोकांची जाणीवही गेली. चिमटीत तंबाखू किती आली ते तिला कळेना. पण घरी बसायला ती तयार नव्हती. मुरवातीला ती म्बाक, म्हणजे ताई, म्हणे. “घरात मी पेशंट असते, म्बाक. इथं मी रुकिनेम असते.”

पहिल्या दिवशी कार्यालयानं शुभप्रसंगी कापतात तशी पिवळ्या भाताची मूद कापली. स्वागताचा फलक लावला. फोटो काढला. कामगार अधिकारी पाक हार्योको ‘आपलं कुटुंब’ या विषयावर बोलले. तिथे मानानं पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, लेबारानच्या, म्हणजे ईदच्या सणापर्यंत निम्मा कोटा. तो मान्य झाला.

काही आठवड्यांनी हार्योको हसत हसत रांगेत आले.

“बू रुकिनेम, आकडे पाहिले! तुम्ही तर ठणठणीत झालात. सोमवारपासून पूर्ण कोटा घ्या.”

पूर्ण कोटा रुकिनेमला पेलणार नव्हता. आणि कोटा चुकत राहिला की कार्यालय ‘स्वखुशीनं निवृत्ती’चा कागद पुढे करतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

हार्योको गेले. रांगेतल्या सगळ्या माना खाली. मुरवातीनं कात्री ठेवली. ट्रे इतका भरतो कसा, ही शंका तिला चार दिवस होतीच.

“कोण टाकत होतं हिच्या ट्रेमध्ये?”

पलीकडच्या बाकावरची पोनिरा पुटपुटली, “सगळ्याच, म्बाक. तू पाणी प्यायला उठलीस की मूठमूठ टाकायचो. आजारी बाईला हात द्यायचा नाही का?”

“हात दिलात? होता तोही तोडलात! कार्यालयाला वाटतंय ती बरी झाली!”

“आम्ही मायेनं...”

“चुलीत घाल तुझी माया!” मग ती रुकिनेमकडे वळली. “आणि तू गं? तू घेत बसलीस?”

“नाही कसं म्हणू? शेजारणी आहेत.”

“मग जा शेजारणींना घेऊन घरी.”

रुकिनेम एकदम उसळली. “तुला बोलायला काय जातंय? तुझी बोटं शाबूत आहेत. हातात कागद आहे की नाही, हे मला डोळ्यांनी बघावं लागतं!”

“हेच. हेच वर जाऊन सांग.”

“लाज वाटते.”

“मला नाही वाटत. पण माझ्या बोलण्याचा उपयोग नाही. बोटं तुझी आहेत.”

दोघी वर कार्यालयात गेल्या. हार्योकोंनी चहा मागवला. रुकिनेम कपाकडे बघत बोलली.

“ते आकडे माझे नाहीत, पाक. मी काम करू शकते. पण मी बरी झालेली नाही. दोन्ही खरं आहे.”

हार्योकोंनी आकड्यांचा कागद पुढे ओढला. माणूस वाईट नव्हता, त्याचा सूर तर फारच मऊ होता. “ठीक आहे. निम्मा कोटा राहू दे. पण मग जोडीची मजुरीही निम्मी. बू मुरवाती, तुमचं नुकसान नको, तुम्हाला आम्ही भरभर वळणारी देतो.”

“आणि हिच्याजवळ कोण?”

“कुणी स्वखुशीनं बसलं तर...”

“तुमच्याकडं सगळं स्वखुशीनंच कसं होतं, पाक?” मुरवातीचा आवाज खालच्या दालनापर्यंत गेला. “भाताला पैसे होते. फलकाला होते. फोटोवाल्यालाही दिलेत. कातरणारीची मजुरी भरून द्यायची म्हटलं की तिजोरी आटली? बाईला परत आणलं म्हणून मिरवायचं तुम्ही, आणि पोटाला चिमटा काढायचा मी?”

“मी वर विचारतो, बू.”

“विचारा. तोवर मी हिच्याजवळच बसते.”

वरून उत्तर आजतागायत आलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी रुकिनेमच्या ट्रेमध्ये थोड्याच सिगरेटी होत्या. काही सैल, काही फुगलेल्या. पोनिराला राहवेना. तिची मूठ बाकावरून पुढे आली. रुकिनेमनं ट्रेवर तळहात पसरला.

“नको गं. माझ्याच मोजू दे त्यांना.”

पोनिरानं मूठ मागे घेतली. ती हिरमुसली होती. रुकिनेमनं पुढचा कागद उचलला, तो हातात आहे ना हे पाहिलं आणि वळायला घेतला. शेजारी मुरवातीची कात्री बराच वेळ रिकामी होती. तेवढ्या वेळात मुरवाती कार्यालयाला ऐकू जाईल अशा शिव्या देत होती.