कासिल्दाआजींची झुलती खुर्ची

झुलत्या खुर्चीतून उठलं की कासिल्दाआजी वळून तिच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि ती पूर्ण थांबेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. रिकामी खुर्ची डुलत राहणं घराला वाईट, असं आमच्या रेमेदिओस गावात सगळेच मानतात. पण चुलीवरची कॉफी उतू गेली तरी चालेल, इतकं मानणाऱ्या त्या एकट्याच. मी शेजारची, रोज बघायचे.

ऐंशी ओलांडल्यावर त्या न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण दूरच्या कामाग्वे शहराहून भाची मिग्दालिया आली ती वृद्धाश्रमाचं बोलतच. शेवटी ठरलं, आजी एकट्या राहू शकतात का, ते वस्तीच्या दवाखान्यातली डॉक्टर यानेइसी सांगेल.

"आजी, हाताचा आधार न घेता उठा आणि दारापर्यंत जाऊन या."

आजी दवाखान्याच्या लोखंडी खुर्चीत बसल्या होत्या. सवयीनं त्यांनी अंग मागे टाकलं, पुढे झोकलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. खुर्ची ढिम्म. त्यांना उठताच येईना.

"बघितलंत ना?" मिग्दालियाचे डोळे भरले होते.

"मढ्यावर बसवलंत मला," आजी खुर्चीवर चापट मारत म्हणाल्या. "ही हलतच नाही!"

यानेइसीनं ते मागे-पुढे झोकणं नीट पाहिलं होतं. संध्याकाळी ती आजींच्या घरी आली. आजींनी झुलत्या खुर्चीत दोन झोके घेतले, तिसऱ्याला उभ्या. खुर्ची थांबवली, मग दारापर्यंत जाऊन आल्या.

"मावशी, ही फसवणूक झाली," मिग्दालिया म्हणाली.

"तुझ्या लग्नात तू नवऱ्याच्या खांद्याला लोंबकळत नाचलीस. तेव्हा कोणी काही बोललं?"

यानेइसीला हसू आवरेना. "पायांतला जोर कमी झालाय, हे खरंच आहे, आजी. दिवसा आजी-आजोबांच्या केंद्रात जायचं. व्यायाम, जेवण तिथं. रात्री आपल्या घरी. आणि न्हाणीघरात धरायला दांडी हवी."

मिग्दालिया न्हाणीघराची भिंत बघून आली. मग म्हणाली, "दांडी बसवूनच जाते मी."

पुढची काही वर्षं आजी आपल्याच पलंगावर झोपल्या, आणि तिथंच झोपेत गेल्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी दारात बसलो होतो, त्या झुलत्या खुर्चीत. आत कॉफीला उकळी येत होती. आताशा त्यांना उठायला पुष्कळ झोके लागायचे. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. उभ्या राहिल्या आणि आत वळता वळता म्हणाल्या, "खुर्ची धर गं जरा, मी कॉफी उतरवते."