पप्पांनी बसवलेला आवाज

गाडीचा आवाज मागून येतो, सायलेन्सरमधून, एवढंच मला माहीत होतं. पुढूनही आवाज येऊ शकतो हे पप्पांच्या गॅरेजमध्ये कळलं. इंजिन चालायला हवा लागते. कंपनीतून आलेली गाडी ती हवा एका बंद प्लास्टिकच्या डब्यातून ओढते, म्हणून आपल्याला काही ऐकू येत नाही. तो डबा काढून त्या जागी रुंद पाइप आणि उघडा फिल्टर बसवला की इंजिनला बाहेरची थंड हवा जास्त मिळते. गाडी थोडी जास्त पळते, आणि अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून मोठा, घोगरा श्वास ओढल्यासारखा आवाज येतो. पप्पा म्हणतात, बसवून घेणाऱ्यांना पळण्याचं काही नसतं, त्यांना तो श्वास हवा असतो.

पप्पांचं गॅरेज उल्हासनगरला आहे आणि आम्ही राहतो अंबरनाथला. मी आनंदनगर एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. आईला ही नोकरी पहिल्यापासून नको होती. तो रस्ता, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, संध्याकाळची वेळ. "काही झालं तर त्याच दिवशी बंद," ही तिची अट होती आणि मी ती मान्य केली होती. घराबाहेर माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा आहे. तिथे मला फारसं बोलावं लागत नाही आणि माझं काम चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

शनिवारी सुट्टी असते, तेव्हा मी गॅरेजच्या केबिनमध्ये बसून बिलं टाइप करते. केबिनला काच आहे. बाहेरचं सगळं दिसतं आणि माझ्याशी कुणी बोलत नाही.

त्या शनिवारी जो मुलगा आला त्याची गाडी दोन दरवाजांची, बुटकी, राखाडी रंगाची होती. अशा गाड्या आमच्याकडे क्वचित येतात. तो केबिनमध्ये आला तेव्हा त्याने बूट दाराशी काढले. गॅरेजच्या केबिनमध्ये कुणीच पायातलं काढत नाही, जमिनीवर ऑइल असतं. मोज्यांवर डाग पडले तरी त्याचं लक्ष नव्हतं. मला "नमस्कार मॅडम" म्हणाला आणि पप्पांच्या पाया पडला. शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातले सिंधी काका, ज्यांना सगळे नुसतं साईं म्हणतात, ते दारातूनच म्हणाले, "देखो, आजकल ऐसे लड़के कहाँ मिलते हैं."

नव्या पाइपचं आणि फिल्टरचं खोकं तो स्वतःच घेऊन आला होता, बाहेरच्या देशातलं. पप्पांनी बॉनेट उघडलं, आतलं थोडा वेळ बघितलं आणि मला हाक मारली.

"बाळा, बाहेर ये गं. हा कागद वाच जरा. चित्रं कळतात मला, खालचं बारीक काय लिहिलंय?"

"अरे भाई, इतना क्या पढ़ना?" साईं म्हणाले. "चार पेच हैं, कस दो."

"साईं, तुमच्या दुकानातला माल असता तर मी पण नसतं वाचलं. त्यात वाचायला असतं काय?"

"हमारा भी इम्पोर्टेड है!"

"हो, इथल्याच तीन नंबर कॅम्पातून इम्पोर्टेड."

सगळे हसले. तो मुलगाही हसला, पण जरा उशिरा, बाकीच्यांकडे बघून.

मी गाडीजवळ उभी राहून वाचत गेले आणि पप्पा करत गेले. आधी बॅटरीची वायर काढा. मग पाइप आवळणाऱ्या पट्ट्या सैल करा. हवा मोजणारा सेन्सर जुन्या डब्यातून सोडवा, त्याच्या आतल्या तारेला बोट लावू नका. पप्पांनी तो सेन्सर बाहेर काढून उजेडात धरला. आत केसासारखी तार होती. "एवढ्याशावर गाडी चालते," ते म्हणाले आणि त्यांनी तो नव्या पाइपात हळूच बसवला. मी वाचत असताना तो मुलगा माझ्यामागे होता. कागदात बघत नव्हता. मला ते मानेवर जाणवत होतं.

"काका, मॅडम किती छान वाचतात," तो म्हणाला. मला नाही, पप्पांना.

पप्पांना एवढं पुरे झालं. माझं कौतुक ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. चहा पाजायचा, घरचं विचारायचं, घरचं सांगायचं, त्यांचं गॅरेज असंच चालत आलंय. "इंग्लिश मीडियमची आहे," पाना फिरवत ते म्हणाले. "आनंदनगरला लॅबमध्ये आहे. सहाला सुटते, मग चालत येते रिक्षानाक्यापर्यंत. स्कूटी घेऊन देतो म्हटलं तर घाबरते."

"एकट्याच येतात?"

"मग काय. लहान आहे का आता?"

त्याने मान हलवली. मी पुढची ओळ वाचली.

काम संपल्यावर पप्पांनी सगळ्या पट्ट्या पुन्हा एकदा हाताने ओढून बघितल्या, बॉनेट पाइपला घासत नाही ना ते पाहिलं आणि त्याला गाडी चालू करायला सांगितलं. आधी इंजिन जरा अडखळलं, मग सरळ झालं. त्याने अॅक्सिलरेटर दाबला. बॉनेटखालून जो आवाज आला तो ऐकून साईं दुकानातून पुन्हा बाहेर आले. पप्पांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले. "आपलं काम."

सोमवारी संध्याकाळी कंपनीच्या गेटमधून निघून मी थोडी पुढे आले आणि मागून तोच श्वास आला. ट्रकच्या आवाजातून तो वेगळा कळत होता. गाडी माझ्या बाजूला आली, काच थोडी खाली झाली.

"मॅडम, सोडू का?"

"नको, थँक्यू."

"बरं. उद्या."

एवढंच. नंतर तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. गाडी मात्र रोज यायची. मागून यायची, माझ्याजवळ हळू व्हायची, पुढे जायची, पुढच्या वळणावरून फिरून समोरून परत यायची. काच बंद. आत तो समोर बघत बसलेला. कुणी बाजूला उभं राहून पाहिलं असतं तर रस्त्याने एक गाडी जातेय एवढंच दिसलं असतं.

मला त्या आवाजाची सवय झाली. तो लांबून, रस्त्याच्या सुरुवातीच्या सर्कलपाशी गाडीने वेग घेतला की ऐकू यायचा, आणि ती येईपर्यंत मला थोडा वेळ मिळायचा. तेवढ्यात मी वाटेतल्या, ट्रक मोजायच्या वजनकाट्याच्या केबिनकडे वळायचे. तिथल्या काकांना मी पिण्याचं पाणी मागायचे. काका रोज बाटली पुढे करायचे आणि म्हणायचे, "कंपनीत पाणी देत नाहीत काय गं तुम्हाला?" मी हसायचे. गाडी काट्यापुढून हळू जायची, परत यायची, मग जायची. मग मी निघायचे.

शनिवारी ती गॅरेजपुढूनही जायची. पप्पा आवाजावरूनच ओळखायचे. गाडीखाली झोपलेले असले तरी पाना वर करून म्हणायचे, "बघ, आपली गाडी." तो थांबून हात करायचा. पप्पा उठून हात करायचे. मी स्क्रीनकडे बघायचे.

सांगावंसं खूपदा वाटलं. पण सांगायचं काय? सरकारी रस्त्यावरून एक गिऱ्हाईक जातं? आणि सांगितल्यावर काय होणार ते तर मला पाठ होतं. आई मला ओरडणार नाही, ती फक्त माझा डबा भरायचं बंद करेल. लॅबमधला माझा अॅप्रन, खिडकीजवळची माझी खुर्ची, सगळं दुसऱ्या कुणाचं होईल. म्हणून मी गप्प राहिले आणि कान उघडे ठेवले.

मग एका आठवड्यात आवाज यायचा थांबला. पहिल्या दिवशी मी तरीही वजनकाट्यावर थांबले. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर सरळ चालायला लागले. वाटेत खारे शेंगदाणे घेतले, ते खात खात नाक्यापर्यंत आले. कंटाळला असेल, असं मी स्वतःला म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात, भिंतीच्या कडेने चालत असताना, माझ्या उजव्या हाताला काहीतरी राखाडी सरकतंय असं वाटलं. मी मान वळवली. ती गाडी होती, माझ्या चालीने चालत होती. किती वेळ चालत होती मला माहीत नाही. काहीच आवाज नव्हता, टायरखालचे खडे तेवढे वाजत होते. काच पूर्ण खाली होती आणि तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता. हसला. तसाच, जरा उशिरा. मग गाडी पुढे गेली.

घरी आले. जेवायला बसलो. पप्पा नेहमीसारखे दिवसभराचं सांगत होते.

"तो बदलापूरचा पोरगा, राखाडी गाडीवाला. मागच्या आठवड्यात येऊन सगळं काढून घेऊन गेला. जुना डबा बसवून घेतला परत. तुला सांगायचंच राहिलं."

"का?" मी विचारलं.

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, काका, गाडी पोचायच्या आधीच माणसाला कळतं. बाजूला होतात. मजा नाही येत." पप्पा हसले. "मी म्हटलं, अरे, बाजूला व्हावं म्हणूनच तर लोक बसवतात!"

त्याला कळलं होतं की मी ऐकते. आणि मी जो आवाज ऐकत होते तो पप्पांनीच काढून दिला होता, तितक्याच काळजीने, पट्ट्या ओढून बघत.

मग मी सांगितलं. ताटाकडे बघत, सगळं, आजचंसुद्धा.

आई उठली. "उद्यापासून जायचं नाही. मी आधीच बोलले होते."

पप्पांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "मीच सांगितलं त्याला. सहाला सुटते, चालत येते." त्यांनी फोन काढून बिलावरचा त्याचा नंबर लावला. एका म्हाताऱ्या बाईने उचलला. रॉंग नंबर, ती म्हणाली, मागे पण कुणीतरी केला होता. गाडीचा नंबर मला तोंडपाठ होता. सकाळी पप्पांनी तो पोलीस चौकीत दिला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "त्याने केलं काय?" आणि कागदावर लिहून घेतला.

"ती जाईल," चौकीतून आल्यावर पप्पा आईला म्हणाले. "मी सोडेन, मी आणेन."

"आणि गॅरेज? किती दिवस सोडणार?"

पप्पांनी स्कूटरची किल्ली उचलली. आईने डबा भरला, पण माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. तो मी उचलला.

संध्याकाळी पप्पा गेटबाहेर स्कूटरवर बसलेले दिसले, ऑइलच्या कपड्यांतच. मी मागे बसले. त्या रस्त्यावर ते फार हळू चालवत होते, मागचे ट्रक हॉर्न देत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, ते आरशात बघतच नाहीयेत. हेल्मेट त्यांनी हँडलला अडकवलं होतं आणि मान एका बाजूला कलती करून ते मागचा आवाज ऐकत होते.

"पप्पा, आरशात बघा," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. पण मान तशीच होती. मग मीच त्यांच्या खांद्याला धरून मागे वळले आणि नाका येईपर्यंत मागच्या रस्त्याकडे बघत बसले.