मामाची हलकी बॅग

माझा मामा फोटोग्राफर. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एका जिन्याखाली त्याचा स्टुडिओ आहे. अर्जाचे, ओळखपत्राचे फोटो हा रोजचा धंदा, आणि लग्नसराईत लग्नं. लोक त्याला हनुवटीमामा म्हणतात. स्टुलावर कुणीही येऊन बसो, मामा सांगणार एकच, "हनुवटी जरा खाली." आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, मागे पांढरा पडदा आणि खुंटीला एक काळा कोट. हा कोट कुणालाही बसतो, कारण तो पाठीवर उभा उसवलेला आहे आणि मामा त्याला मागून कपड्यांचे चिमटे लावतो. समोरून माणूस साहेब दिसतो, मागून वाळत घातलेला.

आतल्या खोलीत मामी बसायची. आधी निगेटिव्हवर बारीक ब्रश आणि पेन्सिल, नंतर कॉम्प्युटर. कुणाचा मुरूम काढ, कुणाच्या डोळ्याखालचं काळं कमी कर, फोटोवर पडलेले धुळीचे ठिपके पूस. अर्ध्या वस्तीचे चेहरे तिने स्वच्छ केले असतील. रस्त्यात कुणी भेटलं की मामी आधी त्याच्या गालाकडे बघायची, मग नमस्कार करायची.

एकदा कुणीतरी एका तलावाकाठचा फोटो मोठा करायला दिला होता. नवरा-बायको काठावर उभे, मागे पाणीच पाणी. त्या पाण्यावर बारीक बारीक ठिपके. मामीने मान मोडेपर्यंत बसून एकेक ठिपका पुसला. फोटो न्यायला आलेला माणूस बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, आमचे पक्षी कुठे गेले?" ते फ्लेमिंगो होते. थंडीत तिथे हजारोंनी उतरतात. मामी ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगायची, पोट धरून हसायची, आणि शेवटी म्हणायची, "एकदा जाऊन बघायला हवेत ते. माफी मागायला."

तलाव सकाळच्या बसने निघालं तर जेवायच्या वेळेपर्यंत गाठता येईल इतका जवळ. पण मामाचा पाय स्टुडिओतून निघेल तर शपथ. रविवारी लग्नं, इतर दिवशी गिऱ्हाईक. असं करत दोघांचेही केस पांढरे झाले.

मग मामीच्या डोळ्यांचं निघालं. सुईत दोरा जाईना, कॉम्प्युटरवर चेहऱ्याच्या मधोमध धूसर डाग दिसायला लागला. तो ती पुसायची आणि तो पुसला जायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मधली नजर जाईल, कडेची राहील. या प्रकाराला अजून औषध नाही. जे डोळे भरून बघायचंय ते बघून घ्या, पुढच्या वर्षावर टाकू नका." मी मामीबरोबर होते. मामाही होता. त्याने नीट ऐकलं, याची मी साक्षीदार आहे.

दुसऱ्याच दिवशी तो माझ्या दुकानात हजर. मी बॅगांच्या दुकानात काम करते, शाळेच्या दप्तरापासून मोठ्या ट्रंकांपर्यंत सगळं आमच्याकडे मिळतं.

"तुझ्या मामीला तलावावर न्यायचंय," मामा म्हणाला. "कॅमेऱ्याची पाठीवरची बॅग दाखव. हलकी पाहिजे."

मला इतका आनंद झाला की मी त्याला मालकासमोर खुर्ची दिली. बॅगेची गरज खरीच होती. मामाची जुनी बॅग म्हणजे एका खांद्यावर लटकणारी काळी पेटी. ती वागवून वागवून त्याचा डावा खांदा उजव्याच्या चांगला खाली आला होता, आणि हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढे ओझं घ्यायचं तर दोन्ही खांद्यांवर. मी त्याला जे सगळ्यांना सांगते ते सांगितलं. आधी काय न्यायचं ते ठरव, मग बॅग. एका दिवसासाठी जायचं तर एक कॅमेरा, एक लेन्स फार तर दोन, पाण्याची बाटली, शाल, डबा. रिकामी बॅगच जड असेल तर ती घरी ठेव. पट्टे रुंद हवेत, छातीवर एक आडवा पट्टा हवा, म्हणजे खांदे ओढले जात नाहीत.

मामा सगळ्याला हो हो म्हणाला आणि पिशवीतून एकेक वस्तू काउंटरवर मांडायला लागला. दोन कॅमेरे, दोन फ्लॅश, दोन चार्जर, प्रत्येक लेन्सला जोडीदार. बॅटऱ्यांचं तर गोकुळ होतं.

"मामा, तू वऱ्हाडाला चाललायस का?"

"जोडीशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. तुला माहितीये."

माहीत होतं. मामा तरुण असताना एका मोठ्या घरच्या लग्नात ऐन वेळी त्याच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. दुसरा कॅमेरा नव्हता. मुलीच्या वडिलांनी शिवी दिली नाही, काही नाही. पण ती माणसं पुढे कित्येक वर्षं स्टुडिओ आला की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. तेव्हापासून मामाचं सगळं दोन-दोन. धंद्यात या सवयीने त्याचं नाव झालं, हे मी नाकारत नाही. पण फ्लेमिंगो काही मुलीचे वडील नव्हते.

पहिली बॅग त्याने नेली ती पातळ कापडाची, अगदी पिसासारखी. सामान भरल्यावर ती पाठीवर अशी लोंबली की मामा मागून गरोदर दिसायला लागला. परत आणली. दुसरी पाठीच्या बाजूने उघडणारी, गर्दीत मागून कुणी हात घालू नये म्हणून. चांगली होती, पण तिच्यातलं फोमच इतकं की तीच जड. परत. तिसरीला कमरेचा पट्टा होता, तो मामाच्या पोटाला पुरेना. लेबल तोडलं तर बदलून मिळत नाही, म्हणून तो प्रत्येक बॅगेचं लेबल आत दुमडून चिमटा लावायचा, कोटाला लावतो तोच. पूर्ण भरलेली बॅग घेऊन आमच्या दुकानाचा जिना चढायचा, उतरायचा, परत चढायचा. मालक मला म्हणायचे, "तुमचे मामा आले व्यायामाला."

एकदा तो मामीला घेऊन आला. मी एक राखाडी बॅग काढली होती. बाजूने उघडणारी, वर शाल-डब्याला वेगळा कप्पा, कडेला बाटलीचा खिसा. मामीने ती हातात घेतली, तोलली आणि म्हणाली, "हीच घ्या हो. छान आहे."

"बाटलीच्या खिशात ट्रायपॉड जाईल," मामा म्हणाला.

"आणि पाणी?"

"कॅमेऱ्याशेजारी पाणी ठेवतात का कुठे? पाणी तुझ्या पिशवीत घे."

"शाल?"

"वरच्या कप्प्यात फ्लॅश बसतील."

मामी माझ्याकडे बघून हसली. "बघ, बॅग यांची हलकी व्हायचीय. माझी नाही." मग मामाला म्हणाली, "कॅमेरा राहू द्या ना. आपण दोघंच जाऊ, बघू, येऊ."

मामा बॅगेची चेन उघडून आतले कप्पे चाचपायला लागला. मामी पलीकडे पर्स बघायला गेली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, तिचं मधलं जाणार आहे. मी असे फोटो काढणार की स्टुडिओची अख्खी भिंत भरेल. एकेक पक्षी माणसाएवढा. मग ती कडेच्या नजरेनेही रोज बघू शकेल. एकदा बघून काय होतं? त्यासाठी लांबची लेन्स पाहिजे, आणि ती ऐन वेळी दगा द्यायला नको."

कपाळावर हात मारून घेता आला असता, पण त्याचे डोळे भरून आले होते. मी फक्त म्हटलं, "मामा, थंडी संपत आली."

"या आठवड्यात ठरवतो."

राखाडी बॅगेत एक फ्लॅश बसत नव्हता. त्या एका फ्लॅशवर घोडं अडलं. उघड्या माळावर, भर उन्हात, मैलभर लांबच्या पक्ष्यांना फ्लॅश कशाला लागतो, हे त्यालाही ठाऊक होतं. पण जोडीतला एक घरी ठेवायचा म्हणजे त्याच्या जिवाला घोर. त्याने बॅग चांभाराकडे नेली, आतला एक पडदा काढून घेतला, दुसरा शिवून घेतला. मग एक दिवस तो दुकानात आला तो फुललेल्या चेहऱ्याने. सगळं बसलं होतं. पाठीवर भार सारखा पडत होता. त्याने माझ्यासमोर चालून दाखवलं, आणि खरंच, कितीतरी वर्षांनी मामाचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसले.

मी तिथूनच बसवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तलावाची गाडी बंद झाली, ताई. पक्षी गेले परवा-तेरवा."

मामाने बॅगेचा पट्टा उगाच घट्ट केला. मग म्हणाला, "येतील की पुढच्या वर्षी. कुठे जातात."

पक्षी आले. त्यांनी आपला शब्द पाळला. पण दरम्यान मामीचं मधलं गेलं. पावसाळ्यात एक डोळा आणि मग फार लवकर दुसरा. आता तिला तुमच्याकडे बघायचं असेल तर दुसरीकडे बघावं लागतं. आपण बोलतो आणि ती आपल्या कानाच्या पलीकडच्या भिंतीकडे बघून हसते, तेव्हा कळतं की तिला आपण दिसलो. गालाकडे बघणं बंद झालं. मला मामाचा राग येतो. तो मनाने वाईट असता तर राग धरणं सोपं गेलं असतं. तो तिला सकाळी केस विंचरून देतो, भाजीतली मिरची बोटांनी वेचून काढतो. त्याला एवढं कळतं, आणि तेवढं कळलं नाही.

तरी आम्ही गेलो. मामीच धरून बसली, "काय दिसेल ते दिसेल." मामीच्या हाताला मी, पुढे मामा, पाठीवर राखाडी बॅग. बॅग उत्तम होती. बस बदलताना, बांध चढताना मामा एकदाही थांबला नाही, त्याला धाप लागली नाही. आमची पाण्याची बाटली, डबा, दोघांच्या शाली मामीच्या कापडी पिशवीत होत्या. ती पिशवी मी घेतली होती आणि तिचा बंद माझ्या बोटात रुतत होता.

बांधावर पोचलो. पाणी संपतं तिथपर्यंत पक्षी होते. उथळ पाण्यात उंच उंच पायांवर उभे, माना खाली, गुलाबी. मी मामीला सांगायला तोंड उघडलं, पण तिने माझा हात दाबला. तिला मामाकडून ऐकायचं होतं.

मामाने बॅग उतरवली. लांब लेन्स काढली, ट्रायपॉड लावला, एक डोळा मिटला, दुसरा कॅमेऱ्याला लावला आणि सुरू झाला. मामी त्याच्या आवाजाच्या दिशेने सरकली.

"कसे आहेत हो?"

"उजेड फार आहे. जरा कमी करावा लागेल."

"ते कॅमेऱ्याला सांगा. मला सांगा, कसे आहेत?"

"थांब. हा एक मान वर करतोय, थांब."

ती थांबली. तिला थांबायची सवय होती. तेवढ्यात पलीकडच्या काठावर कुत्री भुंकली, आणि अख्खा तलाव उचलला गेल्यासारखे पक्षी उठले. पंखांच्या आतली लाल-काळी बाजू एकदम उघडली. आवाज असा झाला की मामीने चेहरा वर केला आणि दोन्ही हात थोडे पुढे धरले. शटर थांबायलाच तयार नव्हतं. एक कॅमेरा भरला तसा मामाने दुसरा उचलला. जोडी उपयोगी पडली.

मग शांत झालं. पाणी रिकामं होतं.

"उडाले ना?" मामीने विचारलं.

"मिळाले," मामा म्हणाला. "सगळे मिळाले. एकही सुटला नाही. भिंतीएवढे करीन तुला."

"भिंत राहू द्या. उडताना कसे दिसत होते ते सांगा ना. तुम्ही बघितलंत ना?"

मामाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघत होते. तो आठवत होता, आणि त्याला काही आठवत नव्हतं. चौकटीत एक मान, एक चोच, एक पंख, पुढचा, त्याच्या पुढचा. सबंध असं त्याने काही बघितलंच नव्हतं. मला सगळं दिसलं होतं आणि मी सांगू शकले असते. पण तिने मला विचारलं नव्हतं.

त्याने कॅमेरा गळ्यातून काढला, बॅगेवर ठेवला. दुसराही ठेवला. मामीशेजारी येऊन उभा राहिला, दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर बघितलं.

"सांगतो," तो म्हणाला. "पाणी आहे. मोठं आहे, लांबपर्यंत."

मामी त्याच्या कानापलीकडे कुठेतरी बघत होती.

"पाणी दिसतंय हो मला," ती म्हणाली.